जंतूच्या पोटातला आंबटपणा आणि आपली सहा महिन्यांची गोळी

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एटापल्लीकडच्या गावातला चाळिशीचा एक मजूर ओपीडीत आला. वजन छत्तीस किलो, महिनाभराचा खोकला, संध्याकाळी अंगात कणकण. कागद पाहिले तर आदल्या डिसेंबरात त्याला क्षयरोगाचे निदान होऊन औषध सुरू झाले होते. सात आठवडे त्याने गोळ्या नीट घेतल्या. खोकला थांबला, भूक लागली आणि फेब्रुवारीत तो गावातल्या इतरांसोबत मिरची तोडायला तेलंगणात गेला. गोळ्यांची पाकिटे घरीच राहिली.

‘‘बंद का केल्या हो गोळ्या?’’ मी विचारले.

‘‘साहेब, खोकला तं गेला होता. सांधे असे धरले का मिरची तोडता येईना. मंग सोडून देलो.’’

त्याच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता. हंगाम चार महिन्यांचा, त्यावर घराचे वर्ष चालते आणि औषधाने सांधे धरले तर हात चालत नाहीत. त्याने हिशेब केला आणि त्याच्या परीने तो बरोबरच होता. चूक आमची होती. सांधे का दुखतात आणि खोकला गेल्यावरही गोळी का खायची, हे त्याला कुणी नीट सांगितलेले नव्हते. खरे सांगायचे तर या दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आम्हा डॉक्टरांकडेही कित्येक वर्षे नव्हते. ते उत्तर शोधण्याची वाट एका समुद्री जेलीफिशच्या हिरव्या उजेडातून जाते. आज त्याबद्दल लिहायचे आहे, कारण प्रयोगशाळेतला तो उजेड आणि एटापल्लीचा हा मजूर यांचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

परीक्षानळीत नापास, उंदरात पास

क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे एकाच गोळीत असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. मोठ्या माणसांच्या एका गोळीत औषधाचे एकूण वजन नऊशे मिलिग्रॅम. त्यातले चारशे मिलिग्रॅम एकट्या पायराझिनामाइडचे, म्हणजे चौघांत सर्वात जास्त. आमच्या त्या रुग्णाच्या वजनगटाला रोज तीन गोळ्या बसतात. याचा अर्थ तो रोज बाराशे मिलिग्रॅम पायराझिनामाइड खात होता. दोन महिन्यांनी हे औषध थांबते आणि उरलेली तीन पुढे चार महिने चालतात.

पायराझिनामाइडची कहाणी सुरुवातीपासून विचित्र आहे. हे रसायन १९३६ मध्येच तयार झाले होते, पण ते क्षयावर चालते हे कळायला १९५२ उजाडले. त्यातही गंमत अशी की साध्या परीक्षानळीत वाढवलेल्या क्षयजंतूंवर ते टाकले तर काहीच होत नसे. क्षय झालेल्या उंदराला दिले, की जंतू मरत. पुढे १९५४ मध्ये मॅकडरमॉट आणि टॉम्पसेट यांनी दाखवले, की परीक्षानळीतले द्रावण आंबट केले, म्हणजे आम्लधर्मी केले, तर हेच औषध तिथेही काम करते.

सुरुवातीच्या मोठ्या मात्रांमुळे यकृताला इजा होई, म्हणून ते काही काळ मागे पडले. १९७०च्या दशकात पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचण्या झाल्या आणि ते कमी मात्रेत परत आले. दीड वर्ष चालणारा उपचार सहा महिन्यांवर आणण्यात रिफाम्पिसिनबरोबर याच औषधाचा हात आहे. इतर औषधे जोमाने वाढणारे जंतू मारतात. पायराझिनामाइड मात्र दडून बसलेल्या, मंदावलेल्या जंतूंपर्यंत पोचते. खोकला थांबल्यावरही फुप्फुसात उरतात ते हेच. ते राहिले, की काही महिन्यांनी रोग परततो. त्या मजुराच्या बाबतीत नेमके तेच झाले.

जंतू राहतो कुठे?

आपल्या फुप्फुसात भक्षक पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू त्या गिळतात आणि आपल्या आतल्या एका छोट्या पिशवीत कोंडतात. मग पिशवीत आम्ल सोडले जाते आणि बहुतेक जंतू त्यात विरघळून जातात. क्षयाचा जंतू मात्र हुशार. तो पिशवी फारशी आंबट होऊच देत नाही. आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीने भक्षक पेशीला जोर दिला, पिशवी खरोखर आंबट झाली, तरी तो त्यात तग धरतो.

आम्लता मोजायला पीएच हे माप वापरतात. सात म्हणजे ना आंबट ना तुरट, मधला. आकडा जितका खाली तितके आम्ल जास्त आणि प्रत्येक अंकाला दहापट फरक. जोर आलेल्या भक्षक पेशीच्या पिशवीत पीएच साडेचारपर्यंत उतरतो, म्हणजे सातच्या तुलनेत आम्ल सुमारे तीनशेपट. इतक्या आंबट पाण्यात राहणाऱ्या जंतूच्या आत काय होत असेल? आतही आंबट होत असेल, की त्याने आपले घर कोरडे ठेवले असेल? आणि पायराझिनामाइड जंतूला मारते ते त्याच्या आत आम्ल भरूनच का?

प्रश्न सोपा, पण मोजायचे कसे? कोलाय जातीच्या एका जंतूचा आकार साधारण एक घन मायक्रोमीटर. शाळेतल्या रसायनशास्त्राने हिशेब करून पाहा: सात पीएच असेल तर इतक्या जागेत मोकळे हायड्रोजन आयन साधारण साठच असतात. साठ! क्षयाचा जंतू त्याहून बारीक, त्याच्यात तर याहून कमी. तिथे लिटमसचा कागद घालता येत नाही आणि काचेची सुईही जात नाही. जंतू फोडून रस काढला तर आतले आणि बाहेरचे मिसळून जाते.

हळदीसारखे एक प्रथिन

आपल्या घरी यासारखी एक गोष्ट रोज होते. वरणाचा डाग पडलेला सदरा साबणाने धुतला, की पिवळा डाग लाल होतो आणि पाण्याने खळबळला, की पुन्हा पिवळा. हळदीतला रंग क्षार लागला, की बदलतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करणाऱ्या आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक होते. जंतूच्या आत अशीच हळद घालता आली तर?

ती हळद मिळाली जेलीफिशकडून. ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले. निळा किंवा जांभळ्याजवळचा प्रकाश टाकला, की ते हिरवे उजळते. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक हाती आणले आणि १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी ते जनुक जंतूत आणि एका बारीक कृमीत घातल्यावर तेही चमकू लागले. पुढे रॉजर चेन यांनी त्याचे अनेक रंग तयार केले. शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन यांना यासाठी २००८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपल्या कामाचे पाऊल १९९८चे. गेरो मीझेनबॉक, जेम्स रॉथमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनात काही बदल करून त्याला आम्लतेची जाणीव दिली. या प्रथिनाला दोन वेगवेगळ्या प्रकाशांनी उजळता येते: एक ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा, दुसरा ४७५ च्या आसपासचा निळा. आजूबाजूला आंबट झाले, की जांभळ्या प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद कमी होतो आणि निळ्याला मिळणारा वाढतो. शास्त्रज्ञ आळीपाळीने दोन्ही प्रकाश टाकतात आणि दोन्ही वेळच्या हिरव्या उजेडाचा भागाकार करतात.

भागाकार का? एका जंतूत प्रथिन जास्त असेल, दुसऱ्यात कमी. एकच उजेड मोजला तर उजेड जास्त कशामुळे, प्रथिन जास्त म्हणून की आम्ल कमी म्हणून, हे कळणार नाही. दोन्ही उजेड त्याच प्रथिनाचे असल्याने भागाकारात प्रथिनाचे प्रमाण कटते आणि उरते ती फक्त आम्लता. तराजूत दोन्ही पारड्यांखाली एकच दगड ठेवला तर काट्याला फरक पडत नाही, तसे. मात्र तराजूप्रमाणे हे मापही आधी पारखून घ्यावे लागते. त्यासाठी जंतूच्या आवरणातून आम्ल आरपार जाऊ देणारे रसायन घालतात, म्हणजे आतले आणि बाहेरचे पीएच सारखे होते. मग बाहेर ठरावीक पीएचची द्रावणे ठेवून कोणत्या आकड्याला कोणता भागाकार येतो, त्याचा तक्ता करतात. ही पारख न करता छापलेला आकडा कितीही सुंदर रंगात असला तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

क्षयजंतूच्या आत काय दिसले?

२००८ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील सबीना एर्ट, कार्ल नेथन आणि सहकाऱ्यांनी असे प्रथिन क्षयजंतूत घालून त्याला भक्षक पेशीत जाऊ दिले. पिशवी आंबट झाली तरी जंतूच्या आतले पीएच उदासीनच्या जवळ टिकून राहिले. म्हणजे पावसात उभे राहूनही याचे घर गळत नाही. मग त्यांनी जंतूच्या आवरणातील एक प्रथिन निकामी केले. आता घर गळू लागले. आत आम्ल शिरले आणि असा जंतू उंदरांमध्ये पुरेसा रोग माजवू शकला नाही. छप्पर कुठे फोडायचे, याचा एक पत्ता यातून मिळाला.

पायराझिनामाइडचे काय? १९९६ मध्ये अँजेलो स्कॉर्पिओ आणि यिंग झांग यांनी दाखवले, की हे औषध स्वतः निरुपद्रवी असते. जंतूचेच एक एन्झाइम त्याचे पायराझिनोइक आम्लात रूपांतर करते आणि ते आम्ल जंतूवर उलटते. ज्या जंतूत या एन्झाइमचे जनुक बिघडलेले असते, तो औषधाला दाद देत नाही. मग झांग यांनी एक सरळ स्पष्टीकरण मांडले: हे आम्ल जंतूबाहेर पडते, बाहेर आंबट असेल तर हायड्रोजन आयन घेऊन परत आत शिरते आणि आत ते आयन सोडते. असे फेरे होत जंतूचे पोट आंबट होते आणि तो मरतो. माझ्या पिढीने पदव्युत्तर परीक्षेत हेच लिहून गुण मिळवले.

चमकणाऱ्या प्रथिनाने मात्र या उत्तरावर फुली मारली. निदान पहिल्यांदा तसे वाटले. २०१५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील अँथनी बॉन यांच्या गटाने दाखवले, की ठरावीक परिस्थितीत पायराझिनामाइड उदासीन द्रावणातही जंतूला रोखते आणि त्यासाठी जंतूच्या आत आम्ल साचावेच लागते असे नाही. दुसऱ्या काही गटांना हे औषध जंतूच्या आत सहएन्झाइम ए तयार करणाऱ्या एका प्रथिनाला निकामी करते, असे आढळले. मग २०२२ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील मॅक्सिमिलियानो गुटिएरेझ यांच्या गटाने परीक्षानळीऐवजी थेट जिवंत भक्षक पेशीत, एकेका जंतूकडे पाहिले. तिथे दिसले, की पिशवी आंबट असणे या औषधाला लागते आणि औषध दिल्यावर जंतूचा आतला पीएच सांभाळण्याचा तोलही बिघडतो.

मग खरे कोण? दोघेही, आपापल्या जागी. परीक्षानळीतला जंतू आणि माणसाच्या पेशीतला जंतू एकसारखे वागत नाहीत. १९५२ मध्ये उंदराने शिकवलेला हाच धडा सत्तर वर्षांनी हिरव्या उजेडाने पुन्हा शिकवला. आपण लाखो लोकांना पन्नास वर्षे दिलेल्या औषधाचे काम आता कुठे उलगडू लागले आहे, हे मला लाजिरवाणे वाटत नाही. त्यावर अजून प्रयोग होत आहेत, ते थांबलेले नाहीत, याचे समाधान वाटते.

बंगळुरूचा प्रयोग आणि आपले क्लोरोक्विन

हे सगळे परदेशातच चालते असे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. अमित सिंह यांच्या गटाने हिरव्या प्रथिनाचे एक भावंड बनवले. ते आम्लता मोजत नाही, तर जंतूच्या आतील ऑक्सिडीकरणाचा ताण मोजते. २०१९ मध्ये या गटाने दाखवले, की भक्षक पेशीची सौम्य आंबट पिशवी काही क्षयजंतूंना अशा अवस्थेत नेते, की ते औषधाला जुमानत नाहीत. म्हणजे आपल्याच पेशीचे आम्ल काही जंतूंना ढाल पुरवते. पिशवीचे आम्ल कमी करण्यासाठी त्यांनी क्लोरोक्विन वापरले आणि नेहमीच्या औषधाबरोबर दिल्यावर उंदीर व गिनीपिगमध्ये परिणाम सुधारला.

क्लोरोक्विन! गडचिरोलीत हे नाव माहीत नसलेले घर सापडणार नाही. तापाच्या साथीत आशाताईच्या पिशवीतून निघणारी ती कडू गोळी. म्हणूनच इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो: क्षयासाठी कुणीही स्वतःहून क्लोरोक्विन घेऊ नये. हा प्रयोग प्राण्यांवरचा आहे. शिवाय विचार करा, पायराझिनामाइडला पिशवी आंबट लागते आणि क्लोरोक्विन तिचे आम्ल कमी करते. दोघांना एकत्र कधी, किती आणि कुणाला द्यायचे, हे माणसांवरच्या रीतसर चाचणीनेच ठरेल. वैद्यकात प्रश्नापेक्षा उत्तर आधी हाती आले, की नुकसान होते.

त्याच कारणाने आणखी एका फसवणुकीबद्दल बोलतो. ‘शरीरातले आम्ल कमी करा, क्षारयुक्त पाणी प्या, रोग पळवा’ अशा जाहिराती आता चंद्रपुरातल्या दुकानांतही दिसतात. हजारो रुपयांची यंत्रे विकली जातात. रक्ताचे पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहते आणि ते सांभाळण्याचे काम फुप्फुसे व मूत्रपिंडे डोळ्यांत तेल घालून करतात. पाण्यातला क्षार जठरातल्या आम्लात गेला, की तिथेच संपतो. क्षयजंतूच्या पिशवीपर्यंत तो जात नाही. लिंबू खाल्ल्याने वा अंबाडीच्या भाजीने रोग वाढतही नाही. आम्ल म्हणून एक सरसकट गोष्ट शरीरात नसते. पेशीतल्या या कप्प्यात एक पीएच, शेजारच्या कप्प्यात दुसरे. हिरव्या प्रथिनाने आपल्याला शिकवलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

मग आमच्या जिल्ह्यात काय हवे?

आता पुन्हा त्या मजुराकडे. दुसऱ्या खेपेला थुंकीची तपासणी झाली तेव्हा रिफाम्पिसिन चालत होते, पण आयसोनियाझिड निकामी झाले होते. अशा रुग्णाला रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन ही औषधे सहा महिने देतात. म्हणजे ज्या औषधाने त्याचे सांधे धरले, तेच आता दोन नव्हे, सहा महिने. माझ्या मनात पहिला प्रश्न आला: याच्या जंतूवर पायराझिनामाइड चालते तरी का?

इथे अडचण आहे. तालुक्याच्या ठिकाणी आता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रे आहेत आणि ती रिफाम्पिसिनबद्दल काही तासांत सांगतात. ही मोठी प्रगती आहे, मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. पण पायराझिनामाइडबद्दल ही यंत्रे काहीच सांगत नाहीत. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत आंबट केलेल्या द्रव माध्यमात जंतू वाढवावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात. त्यातही खोच आहे: नमुन्यात जंतू जास्त पडले तर तेच माध्यमाचे आम्ल कमी करतात आणि चांगले औषधही निकामी असल्याचा खोटा निकाल येतो. दुसरा मार्ग जनुकाचा, पण या जनुकातले बिघाड एका ठिकाणी नसतात, सगळ्या लांबीभर विखुरलेले असतात. त्यामुळे पूर्ण जनुक वाचावे लागते. अशा वाचनाच्या पद्धती आता जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केल्या आहेत.

माझे म्हणणे असे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही आता झाले आहे. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाणच दोनशे किलोमीटरच्या घरात. अशा मुलखात नमुना दूर पाठवून निकालाची वाट पाहणे म्हणजे रुग्ण हातातून जाणे. ज्यांचा रोग उलटला आहे, ज्यांचे आयसोनियाझिड निकामी झाले आहे, त्यांची पायराझिनामाइडची तपासणी या दोन महाविद्यालयांपैकी एकात तरी व्हायला हवी. सगळ्या रुग्णांची नको, मोजक्यांची पुरे. तेवढ्यासाठी लागणारे यंत्र इमारतीच्या एका मजल्यापेक्षा महाग नाही. यंत्रापेक्षा कठीण आहे ते चालवणारा माणूस टिकवणे. तंत्रज्ञ कंत्राटी, पगार अनियमित, कंत्राट संपले, की यंत्रावर कापड. हे बदलल्याशिवाय यंत्र आणू नये, असेही मी म्हणेन.

याला आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माझे काही सहकारी म्हणतात, ‘‘इथे रुग्णाला दोन वेळचे जेवण नाही आणि तुम्ही जनुके वाचायला निघालात!’’ जेवणाचे महत्त्व मी कमी करत नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवा. क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांना चांगला शिधा दिल्यावर त्यांच्यातले नवे क्षयरुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. सरकार आता रुग्णाला पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये देते. ते वेळेवर आणि प्रत्येकाच्या हाती पडले पाहिजेत, कारण भक्षक पेशीला पिशवी आंबट करण्याचा जोर येतो तो शेवटी ताटातूनच. पण जेवण की तपासणी, असा सौदा गरिबानेच का करायचा? मुंबई-पुण्याच्या रुग्णाला आपण असे विचारत नाही.

चंद्रपूर परिसरातल्या दगडखाणी आणि खडी क्रशरवरच्या मजुरांचेही असेच. दगडाची बारीक सिलिका धूळ नेमक्या याच भक्षक पेशी गिळतात आणि त्या धुळीने त्यांची पिशवी फाटते. सिलिकोसिस झालेल्यांना क्षय जास्त होतो, त्यामागे हे एक कारण आहे. तिथे मास्क आणि पाण्याचा फवारा हे औषधाइतकेच महत्त्वाचे उपचार आहेत.

दुसरी मागणी फुकटची आहे: रुग्णाला कारण सांगा. पायराझिनामाइडमुळे लघवीवाटे युरिक आम्ल बाहेर पडणे कमी होते आणि म्हणून सांधे दुखतात. बहुतेकांना ते सौम्य असते, साध्या वेदनाशामक गोळीने आवरते आणि औषध थांबले, की जाते. हे पहिल्याच दिवशी सांगितले तर माणूस घाबरत नाही. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या, जेवण तुटले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात यायचे. हेही त्याच वेळी सांगायचे. आणि मिरचीला, तेंदूपत्त्याला, कुठेही जायचे असेल तर लपवू नका, आधी सांगा. नोंद ऑनलाइन असते, औषध तुमच्यासोबत देता येते किंवा तिकडच्या केंद्रात मिळवून देता येते.

तिसरी गोष्ट आमच्या तरुण डॉक्टरांसाठी आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी. जेलीफिश का चमकतो, हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला १९६२ मध्ये कुणी म्हणाले असते, ‘याचा गरिबाला काय उपयोग?’ तर आज आपल्याकडे हे माप नसते. मूलभूत संशोधन म्हणजे श्रीमंत देशांची चैन, हे मला पटत नाही. उलट जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक भारतात असताना या जंतूच्या आत डोकावण्याचे काम आपलेच आहे. भामरागडच्या एखाद्या आश्रमशाळेतल्या मुलीने पुढे बंगळुरू किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेत हे हिरवे जंतू पाहावेत, अशी माझी इच्छा आहे. आजारी माणसाचे घर आणि प्रयोगशाळा या दोन्ही जागा तिला ओळखीच्या असतील.

तो मजूर आता पाचव्या महिन्यात आहे. वजन एक्केचाळीस किलो. त्याच्या पायराझिनामाइडच्या तपासणीचा निकाल यायला बरेच आठवडे लागले, पण औषध चालते आहे असा आला. मागच्या भेटीत मी त्याला कागदावर गोल काढून पेशी, पिशवी आणि जंतू दाखवला. खोकला गेला तरी हा आंबट पिशवीत दडून बसतो आणि ही गोळी तिथेच त्याला गाठते, असे सांगितले. त्याने कागदाकडे बराच वेळ पाहिले.

‘‘म्हणजे सहा महिने यालेच शोधाचा आहे?’’

‘‘हो, यालाच.’’

‘‘मंग तसं सांगाचं ना साहेब, पहिल्याच खेपेले,’’ तो म्हणाला.